लिंबाच्या खोडात खिळा ठोकण्याविषयी खुलासा

लिंबाची पाने पिवळी पडली की खोडात गंजका खिळा ठोकावा, म्हणजे झाडाला लोह मिळते, असा संदेश सध्या कोल्हापुरातील बागप्रेमींमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. गंज पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे त्यातले लोह पानांपर्यंत पोहोचत नाही. उलट खोडाच्या जखमेतून बुरशी शिरण्याचा धोका मात्र वाढतो. एखाद्याच्या झाडाला खिळ्यानंतर पालवी फुटली, हा पुरावा नव्हे. जूनच्या पावसाने ती तशीही फुटलीच असती.

लोहाच्या कमतरतेत शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. खालची जुनी पाने सरसकट पिवळी होत असतील, तर बहुधा नत्र कमी पडलेले असते. चुनखडीयुक्त भारी काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि पावसाळ्यात आळ्यात पाणी तुंबले की मुळे गुदमरूनही पाने पिवळी पडतात. म्हणून आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा, आणि कोवळ्या पानांवर वरील लक्षण दिसत असेल तरच चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातील लोहाची) फवारणी पाकिटावरील प्रमाणात करावी. खिळा आधीच ठोकला असल्यास तो उपटताना साल आणखी फाडू नये, आणि जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी.