खोंड प्रदर्शनाला न्यायचाय? सुरुवात बॅनरपासून करा

सांगली जिल्ह्यातल्या खरसुंडीची जनावरांची पौषी यात्रा आठ दिवसांवर आलीय आणि दावणीला एक आदत (अजून दुधाच्या दातांचा) खिलार जातीचा खोंड आहे, एवढं भांडवल भरपूर झालं. पहिलं काम बॅनरचं. मधोमध तुमचा फोटो, गॉगलसकट. कोपऱ्यात जागा उरलीच तर खोंडाचा. नाव दणदणीत ठेवा. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाड्यांच्या शर्यतींना वाट मोकळी केल्यापासून नावाला भाव आहे. खोंडाला अजून म्होरकीची (तोंडाभोवतीच्या दोरीची) सवय नाही, हे बॅनरवर थोडंच दिसतंय!

काही चिकट माणसं वासरू तीन महिन्यांचं झालं की मऊ सुती म्होरकी चढवतात. रोज पंधरा-वीस मिनिटं, त्याच्या डोक्याच्या उंचीवर, हातभरच दोर सोडून बांधतात आणि तेवढ्यात खरारा उरकतात. (दोर लांब सोडला की वासरू पाय अडकवून घेतं. तुम्ही लांबच सोडा, तेवढीच करमणूक.) मग वैरणीच्या आधी त्याला गव्हाणीच्या दिशेने चालवतात. कासरा ताणायचा आणि वासराने एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी सैल सोडायचा. पाऊल टाकलं की ताण जातो, हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं की पुढे मोठा झालेला खोंड एक पोरगंसुद्धा चालवतं. पण यात महिने जातात. आपण चार गडी लावू. दोघं पुढून ओढतील, दोघं मागून शेपूट पिरगाळतील. जनावराला ओढलं की ते मागे ताणतं, आणि दोनशे किलोंचा खोंड कुणाचंही ऐकत नाही. कासरा मात्र मनगटाला दोन वेढे देऊन धरा. हलगी कडाडली की तो उधळेल आणि तुम्हाला अख्खं मैदान जवळून बघायला मिळेल. घरी महिनाभर मोबाईलवर हलगी वाजवून त्याचे कान तयार करणं हा रिकामटेकड्यांचा धंदा.

वेसण राहिलीय? निघायच्या आदल्या दिवशी टोचा. दोन्ही नाकपुड्यांमधल्या पडद्यात, कूर्चेच्या पुढे, चिमटीला पातळ लागणारी जागा असते. जाणकार तिथेच टोचतात आणि जखम भरेपर्यंत वेसणीला हिसका देत नाहीत. तुम्ही घाईत थोडं वर, कूर्चेतच घुसवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेसणीने रिंगणात ओढा. नाकातलं रक्त पांढऱ्या अंगावर उठून दिसतं.

आता खुराक. वर्षभर नुसत्या कडब्यावर काढलेल्या खोंडाला शेवटच्या चार दिवसांत पाटीभर मक्याचा भरडा, वर शेंगदाणा पेंड आणि अंडी. हळूहळू वाढवणारे लोक दर दोन-चार दिवसांनी शंभर-दोनशे ग्रॅम भरडा वाढवतात आणि त्यात तीन आठवडे घालवतात. पोटातल्या जिवाणूंना नवा खुराक अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतो म्हणे. तुम्ही एकदम दिलात की मक्याचा स्टार्च झपाट्याने आंबतो, पोटात आम्ल साचतं, रवंथ थांबतं, शेण पातळ आणि आंबूस वासाचं होतं. यातून वाचलाच तर खुरांच्या आत दाह होतो. मग खोंड एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा राहतो. पंचांना ते नाचणं वाटेल अशी आशा ठेवा. खरं तर खिलार हे पळायचं जनावर. लांब नळीसारखं अंग, वर ओढलेलं पोट, गळ्याखाली लोंबणारी आटोपशीर पोळी, घट्ट काळी खुरं हे पंच बघतात. पण चरबी चढवून तो खोंड जर्सीच्या वळणावर नेला, तर गल्लीतले लोक नक्की म्हणतील, काय वजन आहे!

धुण्याला कपड्यांचीच पावडर. रिठ्याने केस मऊ राहतात, पण फेस कुठे येतो? पावडरीने कातडीचं तेल निघून गेलं की कोंडा सुटतो, तो झाकायला नीळ. एक चमचा पुरते तिथे चार घाला. पांढरा खोंड आभाळी दिसला की गर्दी हमखास जमते. गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन लिटरला 2 मिलि सांगतात. तुम्ही झाकणांनी मोजा आणि चाटू नये म्हणून तोंड बांधायचं विसरा. लाळ गळू लागली, अंग थरथरलं, की डॉक्टरचा नंबर शोधायला सुरुवात करा. कानाच्या आत आणि शेपटीच्या बुडाशी मात्र बघू नका, गोचीड नेमके तिथेच असतात.

शिंगांना कानस मारा, चकाकेपर्यंत. वरचं कवच पातळ असतं आणि आत रक्त वाहणारं जिवंत हाड, ही माहिती शिंग तडकल्यावर आपोआप मिळते.

कानात ओळखीचा बारा आकडी बिल्ला नसेल तर फाटकावर बिल्ला मारणाऱ्याशी हुज्जत घाला. लाळ्या खुरकुताची लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून ती निघायच्या आदल्या रात्री टोचून घ्या. ताप आला तरी टेम्पोत वारा लागेलच. खोंडाने दोन दात लावले असले तरी नाव आदत गटातच नोंदवा. पंच जबडा उघडून बघतात खरे, पण तोपर्यंत फोटो निघालेले असतात.

परक्या गावचं पाणी जनावर पटकन तोंडाला लावत नाही. हुशार माणसं आठवडाभर आधी घरच्या पाण्यात थोडा गूळ घालतात आणि तिथेही तेच करतात. चवीच्या ओळखीने ते पितं. तुम्ही थेट टँकरच्या पाण्याची बादली पुढ्यात ठेवा, आणि नाही प्यायला तर खेकसा.

नंबर आला नाही की पंच फितूर, हे ठरलेलंच आहे. घरी परतल्यावर मात्र एक करा. यात्रेत हजार जनावरांच्या तोंडाला तोंड लावून आलेला खोंड पंधरा-वीस दिवस वेगळा बांधायचा असतो. तुम्ही तो सरळ दुभत्या गायींच्या गव्हाणीला बांधा. यात्रेचा प्रसाद सगळ्या गोठ्याला मिळायला हवा.