सूक्ष्म पाठाचं ‘नाटक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर. सूक्ष्म अध्यापनावरच्या, म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या पाठात शिकवण्याच्या एकाच कौशल्याचा सराव करण्यावरच्या, माझ्या लेखावर तुम्ही हातचं न राखता लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बी.एड.चे वर्गमित्रच विद्यार्थी बनून बसतात, उत्तरं सगळ्यांना येत असतात, ‘छान झाला’ म्हणून फाईलवर सही होते. हे नाटक बंद करा आणि पहिल्या दिवसापासून शाळेत पाठवा. पन्नास पोरांपुढे उभं राहिलं की माणूस आपोआप शिकतो.

फायलींबद्दल वाद नाही. सीनियरची टाचणं उतरवून काढणारे आहेत आणि डोळे झाकून सह्या ठोकणारेही. ‘आपोआप’ मात्र पटत नाही. एकटा सोडलेला नवखा आधी वर्ग गप्प ठेवायला शिकतो, आणि ते जमलं की त्यालाच शिकवणं समजून बसतो.

प्रश्न विचारण्याच्या कौशल्याचा पाठ घ्या, विषय अपूर्णांक. छात्राध्यापिका विचारते, “एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश?” आणि श्वासही न घेता, “एक द्वितीयांश! समजलं ना?” समोरून एका सुरात “होऽऽ”. मागे बसलेला निरीक्षक नुसत्या रेघा मारतोय : प्रश्न किती, त्यातले तिनं स्वतःच सोडवले किती, नाव घेऊन विचारले किती. तो कागद पुढ्यात आला की ‘छान’ म्हणायची सोयच उरत नाही. मग ती तोच पाठ दुसऱ्या गटापुढे घेते : “3 तर 2 पेक्षा मोठा, मग एक तृतीयांश लहान कसा?” आणि थांबते. अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवलं होतं, की शिक्षक प्रश्नानंतर साधारण सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि सविस्तर बोलतात. ते तीन सेकंद नवख्याला खायला उठतात. मागच्या बाकावर मारामारी जुंपलेली असताना त्यांचा सराव कसा व्हायचा?

1963 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापन सुरू झालं, तेव्हा समोर खरी शाळकरी मुलं असत. वर्गमित्र बसवणं ही आपल्याकडची सोय, तेवढा तुमचा मुद्दा रास्त. पण आपलं चक्र 36 मिनिटांचं आहे : 6 अध्यापन, 6 प्रत्याभरण (फीडबॅक), 12 पुनर्नियोजन, 6 पुनराध्यापन, 6 पुन्हा प्रत्याभरण. वेळ नाही म्हणून पहिल्या 12 मिनिटांनंतर गाशा गुंडाळला, की तुम्ही म्हणता ते नाटकच उरतं. माझी खरी तक्रार तिथे आहे.

शाळेत पाठवायला माझा विरोध नाहीच. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात 20 आठवडे शाळानुभवासाठी ठेवले आहेत. पण त्या काळात छात्राध्यापकाच्या वर्गात मागे कोण बसतं? बहुतेकदा त्याला ऑफ तासावर धाडतात आणि विषयशिक्षक तेवढ्यात पेपर तपासून घेतात. तुम्ही मुख्याध्यापक आहात, म्हणून विचारतो : यंदाची मुलं आली की विषयशिक्षकाला आठवड्यातून एक तास कागद-पेन घेऊन मागे बसवता येईल का? रेघांचा तक्ता हवा असेल तर सांगा, पुढच्या लेखात टाकतो.