पोरगं "ऐकत नाही" म्हणता, पण त्याला ऐकू येतंय का ते बघितलंय का?

परवा सकाळी दूध घेऊन येताना गल्लीत एक गोष्ट बघितली आणि ती डोक्यातनं जाईनाच, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, पण घरात बारकी पोरं असतील तर वाचा.

आमच्या पेठेतलंच घर. माणसं चांगली, कष्टाची, पोरांवर जीव टाकणारी. मोठा सव्वापाच वर्षांचा, धाकटा अडीच. मोठ्यानं रात्री अंथरुणात शू केली म्हणून आईनं गादी पुढच्या कठड्यावर टाकलेली आणि त्याला गादीशेजारी उभं केलेलं, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून, आणि रिक्षामामा यायची वेळ झालेली म्हणजे रिक्षातली सगळी पोरं पण बघणार. ते रडत पण नव्हतं, नुसतं खाली मान घालून अंगठ्यानं फरशी उकरत होतं. आत सोप्यात धाकटा मोबाईल घेऊन बसलेला. मी दोनदा नावानं हाक मारली, मान वर नाही. विचारलं, बोलतो का आता? तर आजी म्हणाल्या, "न्हाई अजून, पण त्याचा मामा पण चार वर्षाचा झाल्यावरच बोलला, बोलंल की हा पण."

मला एवढंच सांगायचंय. ज्या पोराला काहीही झालेलं नाही त्याला शिक्षा चाललीय आणि ज्याला दाखवायला पाहिजे त्याला "होईल की" म्हणून सोडलंय. चौदा वर्षं बालवाडीत शिकवतेय आणि घरोघरी हेच बघतेय. जे वयाप्रमाणं असतं त्याला आपण मारतो आणि जे वयाप्रमाणं नसतं त्याच्याकडं बघतच नाही.

हे मी दुसऱ्याला शिकवायला म्हणून लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या घरात हे झालंय. माझी लेक आता आठवीत आहे. तीन वर्षांची असताना ती "ऐकायचीच नाही". चप्पल घाल म्हणून चारदा सांगायचं, टीव्हीचा आवाज कमी कर म्हणून ओरडायचं, तरी ती आपली ढिम्म. सगळे म्हणायचे हट्टी आहे, मी पण म्हणायचे, आणि पाठीत धपाटे घातलेत मी तिला, एकदा नाही, बऱ्याचदा. बोलायची पण अर्धवट, शब्दाचं शेवटचं अक्षर खाऊन. झोपायची तोंड उघडं ठेवून, घोरायची, सर्दी बारा महिने. ह्या सगळ्या गोष्टी डोळ्यासमोर होत्या आणि मला त्या एकत्र जोडताच आल्या नाहीत. आमच्याच बालवाडीतल्या एका बाईंच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "मी समोर असले की ती उत्तर देते, मागं उभं राहून हाक मारली की देत नाही. कान दाखवून घे."

दाखवले. नाकाच्या मागच्या गाठी सुजलेल्या, त्यामुळं दोन्ही कानांच्या पडद्यामागं चिकट पाणी साठलेलं. कानात एका मशीनचं टोक धरतात, दाब बघतात, काही सेकंदांचं काम, काही दुखत नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते अजून विसरले नाही. पंचगंगेत बुडी मारल्यावर घाटावरच्या माणसाचं बोलणं जसं येतं ना, तसं येत असणार हिला सगळं. पोरांचं हे पाणी बऱ्याचदा आपोआप जातं, म्हणून तीन महिने वाट बघितली, हिचं गेलं नाही, मग गाठी काढल्या आणि पडद्यात बारकी नळी बसवली. घरी आल्यावर स्वयंपाकघरात माझ्यामागं उभी राहून म्हणाली, "आई, नळ वाजतोय." मोरीतला नळ थेंब थेंब गळत होता. वर्षभर गळत असेल तो. मी तिथंच खाली बसले.

आपल्या भाषेत "ऐकत नाही" ह्या एकाच शब्दात दोन्ही गोष्टी येतात, सांगितलेलं करत नाही ते पण आणि कानावर पडत नाही ते पण. त्या दोघांत किती अंतर आहे हे मला माझ्या पोरीच्या पाठीवरचे वळ आठवले की कळतं.

आता त्या मोठ्याचं. पाच वर्षांच्या शंभर पोरांत साधारण पंधरा पोरं झोपेत अंथरूण ओलं करतात. म्हणजे एका वर्गात चार-पाच तरी निघतील, फक्त कुणी सांगत नाही. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक हार्मोन वाढतं, काही पोरांत ते उशिरा सुरू होतं, काहींची झोप इतकी गाढ असते की भरलेल्या पिशवीचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. ह्यात पोराची इच्छा कुठं आली? झोपेत केलेल्या गोष्टीची शिक्षा जागेपणी दिली तर ते शिकणार काय? लाज शिकतंय, दुसरं काही नाही. आमच्याकडं एक पोरगी होती तिला घरी चमचा तापवून भीती घालायचे, ती दुपारी बालवाडीत पण झोपायला घाबरायची.

करायचं काय तर झोपायच्या आधी एक-दीड तास पाणी-दूध कमी, पण दिवसभर मात्र भरपूर पाणी, झोपताना शू, गादीवर मेणकापड, आणि सकाळी तोंडातनं एक शब्द काढायचा नाही. बद्धकोष्ठ आहे का बघा, कारण पोट साफ नसलं की मूत्राशयावर दाब येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. हां, सहा महिने कोरडं राहिलेलं पोर अचानक परत ओलं करायला लागलं, किंवा एकदम खूप पाणी प्यायला लागलं, वजन उतरलं, लघवीला जळजळतंय म्हणालं, तर मग थांबायचं नाही, लघवी आणि साखर त्याच दिवशी तपासायची.

हट्टाचं पण तसंच. दोन-तीन वर्षांचं पोर रंकाळ्यावर फुग्यासाठी जमिनीवर लोळतं तेव्हा आजूबाजूची माणसं आपल्याकडं बघतात, आणि खरं सांगायचं तर आपण पोराला त्या माणसांसाठी मारतो. राग आवरायचा जो मेंदूचा पुढचा भाग आहे तो पूर्ण तयार व्हायला विशीच्या पुढं जातं, अडीच वर्षांच्या पोराकडं तो असणार कुठनं? अशा वेळी जवळ बसायचं, कमी बोलायचं, हळू बोलायचं. "तुला फुगा पाहिजे होता, राग आलाय" एवढंच. आणि फुगा नाही म्हटलं तर नाहीच, रडून झाल्यावर पण नाही, नाहीतर पुढच्या वेळी किती वेळ रडायचं हे त्याला पक्कं कळतं. घरी निघायच्या आधी "अजून तीन घसरगुंड्या, मग घरी" असं सांगितलं की निम्मी रडारड होतच नाही. आणि बघा, भूक लागलीय का, झोप आलीय का. माझ्या अनुभवात बारा वाजता लोळणारं पोर बहुतेक वेळा भुकेलेलं असतं.

चावणं दीड-दोन वर्षांत असतंच, शब्द नसले की दात पुढं येतात. "तू पण चाव म्हंजे कळंल" हा सल्ला देणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, नका देऊ. दोन वर्षांचं पोर खेळणं वाटून घेत नाही त्याला स्वार्थी म्हणू नका, त्या वयात "माझं" कळतं, "आपलं" कळायला अजून वेळ असतो. तीन-चार वर्षांचं मधेच "म म म मला" असं अडखळायला लागलं तर "नीट बोल" म्हणू नका, बहुतेकांचं जातं, तुम्ही फक्त थांबून ऐका. महिनोन्महिने राहिलं किंवा बोलताना चेहरा ताणायला लागलं तर दाखवा.

आमच्याकडं दर जूनला एक तरी आई-बाबा येऊन सांगतात, "बाई, मारा, आमची हरकत न्हाई." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शाळेत मारायलाच काय, मानसिक त्रास द्यायला पण बंदी आहे, पण कायदा नसता तरी मी मारलं नसतं. "आम्ही मार खाऊनच मोठं झालो" म्हणतात. मी पण मार खाल्लाय. मला त्यातला मारच आठवतो, कशासाठी खाल्ला ते एकदाही आठवत नाही.

आता जे सोडायचं नाही ते, आणि इथं मी जरा जोरात बोलणार आहे. एक वर्षाचं पोर नावाला वळून बघत नसेल, बाबा-दादा असले आवाज काढत नसेल, टाटा करत नसेल. दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवून "ते बघ" करत नसेल, एकही शब्द नसेल. दोन वर्षाचं "मम्मी ये", "पाणी दे" असं दोन शब्द जोडत नसेल. आणि कुठल्याही वयात, आधी येत असलेले शब्द गेले तर त्याच आठवड्यात डॉक्टर. वाट बघायची नाही, जिभेला वेखंड उगाळून लावत बसायचं नाही, पोपटाचा उष्टा पेरू शोधायचा नाही. नरसोबाच्या वाडीला जावा, जोतिबाला जावा, श्रद्धा माझी पण आहे, पण आधी कान तपासा. बेरा नावाची कानाची टेस्ट पोर झोपलेलं असताना करतात, त्याला काही करावं लागत नाही.

काही पोरं उशिरा बोलतात आणि पुढं सगळं नीट होतं, हे खरं आहे. पण आपलं पोर त्यातलं आहे का कानाचं आहे का ऑटिझमचं आहे, हे बाहेरनं बघून आजीला पण कळत नाही आणि मला पण कळत नाही. तपासलं आणि काही निघालं नाही तर एक सकाळ गेली. नाही तपासलं आणि निघालं तर शिकायची सगळ्यात चांगली वर्षं गेली.

आणि मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय, दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, पुढं चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत. बोलणं येतं ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडं बघून, आपण काहीतरी आवाज काढला की समोरनं उत्तर येतं त्यातनं. मोबाईल नुसता बोलत राहतो, तो पोराच्या उत्तरासाठी थांबत नाही. मला माहितीय, एकत्र कुटुंब नाही, दोघं कामावर, भात भरवताना मोबाईल दिल्याशिवाय तोंड उघडत नाही. मी कुणाला दोष देत नाही. पण निदान जेवताना तेवढा बंद करून बघा आठ दिवस, पहिले तीन दिवस वाईट जातात, मग जमतं.

पैशाचं म्हणाल तर अंगणवाडीत वर्षातनं दोनदा डॉक्टरांचं पथक येतं, २०१३ पासनं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, अठरा वर्षांपर्यंत तपासणी आणि पुढचे उपचार फुकट, आणि उशिरा बोलणं-चालणं हे पण त्यात येतं. आणि आपण नेमकं त्याच दिवशी पोराला घरी ठेवतो, गर्दी आहे म्हणून. आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाचा विभाग आहे. बाळंतपणाच्या वेळी मिळालेलं माता-बाल कार्ड कपाटातनं काढा, कुठल्या महिन्यात काय यायला पाहिजे ते त्यात चित्रासकट दिलेलं आहे.

तर त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. भांडायला नाही, सगळ्यांत आधी माझ्या पोरीचं सांगितलं. त्या आईला रडू आलं, म्हणाली, "काकू, मी दमलो ओ, रोज गादी धुऊन." तिचं दमणं खोटं नाही. आजी बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "ह्येंचा बाप पण आठ वर्षाचा हुईपतर भिजवायचा की." त्यांचा लेक तिथंच बसलेला, त्यानं मान खाली घातली. घराण्यातनं हे येतं, बऱ्याचदा येतं. धाकट्यासाठी मामा आठवला होता, मोठ्यासाठी बाप कुणाला आठवला नव्हता.

मंगळवारी धाकट्याची कानाची तपासणी आहे, आजी स्वतः सोबत जाणार म्हणाल्यात. आज सकाळी दुधाला गेले तेव्हा कठडा मोकळा होता. गादी परसात वाळत होती, आणि मोठा दारात उभा राहून रिक्षामामाची वाट बघत होता, मला बघून म्हणाला, "बाई, आज डब्यात शिरा हाय."