कमी व्होल्टेजवर मोटार थंड राहते? मामांची जळाली

गेल्या आठवड्यात चोपडा तालुक्यातून मामांचा फोन आला. "मोटर बयनी," म्हणजे जळाली, एवढंच बोलले. केळीला पाण्याची पाळी होती, ऊन डोक्यावर तापलेलं आणि विहिरीतली 5 एचपीची सबमर्सिबल गेली. कसं झालं विचारलं, तर त्यांनी एक मेसेज पुढे ढकलला. तो माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आधीच आला होता. मी न वाचता सोडून दिला होता, याचं आता फार वाईट वाटतं.

मेसेज असा: ओहमच्या नियमाने व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो, म्हणून 415 ऐवजी 320-330 व्होल्टवर मोटार थंड चालते आणि बिलही कमी येतं. रिले (करंट फार वाढला की मोटार बंद करणारं साधन) उगाच ट्रिप होतो, तो बायपास करा, म्हणजे तार जोडून टाळा. फ्यूजला जाड तार घाला. वायंडिंगचा (मोटारीतल्या तांब्याच्या तारेच्या वेढ्यांचा) रेझिस्टन्स मीटरने मोजा, व्होल्टेजच्या वर्गाला त्याने भागा, मोटारीची खरी पॉवर कळेल. शेवटी धीर: घाबरू नका, माणसाला व्होल्टेज मारत नाही, करंट मारतो.

आधी मोटारीचंच बघू, कारण नुकसान तिथे झालं.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ओहमचा नियम एका अटीसह दिला आहे: वाहकाची भौतिक स्थिती, तापमानासकट, कायम हवी. अट गाळली की नियम उरत नाही. पाणी तापवायचा 1500 वॅटचा हीटर घ्या. 230 व्होल्टला साडेसहा अँपिअर घेतो, म्हणजे रेझिस्टन्स साधारण 35 ओहम. 180 व्होल्टला तोच हीटर पाच अँपिअरच्या आसपास घेईल, पॉवर 920 वॅटवर येईल, पाणी उशिरा तापेल. इथे मेसेज बरोबर आहे, हे कबूल करावं लागतं. पण मोटार म्हणजे हीटर नव्हे. तिच्यावर पाणी वर ओढायचं काम आहे आणि व्होल्टेज पडलं म्हणून विहीर उथळ होत नाही. काम जवळपास तेवढंच, विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज कमी, म्हणजे मोटार करंट वाढवून ते काम ओढते.

मामांच्या मोटारीच्या पाटीवर लिहिलंय: 3.7 किलोवॅट, 415 व्होल्ट, 8.5 अँपिअर. 330 व्होल्टला तेच काम करायचं तर करंट पावणेअकराच्या आसपास जातो. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जूलने हे 1840 च्या सुमारास मोजून दाखवलं. म्हणजे करंट सव्वापट झाला, तर उष्णता दीडपटीहून जास्त. त्यात तापलेल्या तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण 0.4 टक्क्याने वाढतो, म्हणजे उष्णता आणखी वाढते. सुरुवात तर आणखी वाईट: मोटारीची ओढ, म्हणजे फिरवण्याचा जोर, दाबाच्या वर्गाने घटते, 330 व्होल्टला ती 63 टक्क्यांवर येते. मोटार अडून घुमत राहिली, तर पाटीवरच्या करंटच्या पाच-सहापट करंट वायंडिंगमधून जातो.

रिले नेमका याचसाठी असतो. मामांचा रिले त्या दिवशी तीनदा ट्रिप झाला होता. करंट वाढलाय, हे तो ओरडून सांगत होता आणि मेसेजने त्यांना त्याचंच तोंड बांधायला लावलं. वायंडिंगवाल्याने स्टेटर (मोटारीचा न फिरणारा, वेढ्यांचा भाग) उघडून दाखवला: एका बाजूचे वेढे कोळशासारखे काळे, वार्निश पापुद्र्यासारखं सुटलेलं, जळका वास हाताला दिवसभर राहिला.

बिलाचं थोडक्यात: साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना 2024 पासून राज्य सरकारची मोफत विजेची योजना आहे. मग मामांच्या मोटारीने वाचवायचं तरी कोणाचं बिल?

रेझिस्टन्सवरून पॉवर काढायची युक्ती मी स्वतः करून बघितली. तशीच दुसरी चांगली मोटार होती, दोन टोकांमध्ये मीटरने 6 ओहम दाखवले. मेसेजचा हिशोब करा: 415 गुणिले 415, भागिले 6, आले 28.7 किलोवॅट, म्हणजे 38 एचपी! पाच एचपीच्या मोटारीत 38 एचपी. मोटार फिरत असताना वायंडिंगमध्ये विरोध करणारं व्होल्टेज तयार होतं आणि बाहेरचा बहुतेक दाब त्यातच खपतो. मल्टीमीटरला ते दिसत नाही, तो फक्त तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स सांगतो. थ्री फेजची पॉवर काढायची तर 1.73 गुणिले व्होल्टेज गुणिले करंट गुणिले पॉवर फॅक्टर (त्या गुणाकारातला प्रत्यक्ष पॉवर होणारा हिस्सा). मामांच्या पाटीवर 0.8 आहे, म्हणून आत जाणारी पॉवर 4.9 किलोवॅट आणि त्यातली 3.7 शाफ्टला मिळते. कुणी फसवलेलं नाही.

जाड तारेबद्दल एवढंच की फ्यूज वितळला नाही, तर दुसरं काहीतरी वितळतं.

आणि करंट मारतो, हे खरं. पण तो करंट व्होल्टेजच ढकलतं. ओल्या हाताने, चिखलात उभ्या माणसाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. 230 ला हजाराने भागा, 230 मिलिअँपिअर. घरातला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) 30 मिलिअँपिअरला पडतो. शेतात कंबरभर ओल्या केळीत उभं राहणाऱ्या माणसाला "घाबरू नका" सांगणाऱ्याची मला चीड येते.

रविवारी मोटार परत उतरवली. रिले पाटीवरच्या 8.5 वर लावला, बायपासची तार मी स्वतः उपसून काढली आणि स्टार्टरच्या डब्याच्या आत खडूने लिहिलं: 370 व्होल्टच्या खाली चालू करू नका. मामांनी तो मेसेज ज्या चौघांना पाठवला होता, त्यांना फोन लावून झाले आहेत. एकाने रिले आधीच बायपास केला होता.