तीन आठवड्यांत फरक नाही, या तक्रारीवर दुकानाचं उत्तर

ताई, नमस्कार. दुकान माझं आणि फार्मासिस्टही मीच, म्हणून उत्तर मीच देतो.

तुम्ही लिहिलंय की रेटिनॉल सिरम तीन आठवडे रोज रात्री लावलं, डाग तसेच राहिले आणि नाकाच्या कडेची कातडी सोलली. मैत्रिणीला डॉक्टरांनी दिलेल्या ट्रेटिनॉइनने गुण आला. तीच ट्यूब मागायला आलात, तर मी चिठ्ठीशिवाय दिली नाही. म्हणून आम्ही हलका माल गळ्यात मारला, असं तुमचं म्हणणं.

आधी आमची चूक. आठवड्यातून दोनच रात्रींनी सुरुवात करायची आणि फरक दिसायला तीनेक महिने लागतात, हे काउंटरवर तुम्हाला सांगायलाच हवं होतं. सांगितलं नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

‘०.५ टक्क्याच्या बाटलीने काही होत नाही आणि ०.०२५ टक्क्याच्या ट्यूबने होतं’, हा तुमचा सवाल अगदी रास्त आहे. दोन्ही अ जीवनसत्त्वाच्याच कुळातली, पण पेशींवर काम करतं ते रेटिनोइक आम्ल. ट्रेटिनॉइन म्हणजे तेच आम्ल, तयार स्वरूपात. रेटिनॉलचं त्वचेत आधी रेटिनाल्डिहाइड होतं, मग रेटिनोइक आम्ल, आणि शेवटपर्यंत पोहोचतो तो थोडासाच भाग. त्यामुळे या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. रेटिनॉल सावकाश चालतं, पण चालतं.

तुमच्या फोटोत बाटली खिडकीत उन्हात आहे, टोपण बाजूला पडलंय. उजेड आणि हवा लागली की रेटिनॉलचा जोर जातो. बाटली घट्ट बंद करून कपाटात ठेवा.

चिठ्ठीचं मात्र उद्या आलात तरी मी तेच सांगेन. ट्रेटिनॉइनने आग, लाली, सोलणं जास्त होतं, आणि तुमची त्वचा आधीच सोललेली होती. डाग मुरमांचे की वांगाचे, हेही कुणीतरी नीट बघायला हवं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर यातलं काहीच लावायचं नाही, रेटिनॉलसुद्धा नाही. हे सगळं विचारून, तपासून मगच डॉक्टर लिहून देतात. मैत्रिणीची ट्यूब कृपा करून उसनी घेऊ नका.

सध्या सिरम बंद ठेवा आणि सोलणं थांबेपर्यंत साधं मॉइश्चरायझर लावा. मग आठवड्यातून दोन रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच. सकाळी सनस्क्रीन चुकवू नका. डॉक्टरांनी ट्रेटिनॉइन दिलंच, तर हे सिरम थांबवा. दोन्ही एकत्र नको.

बाटली घेऊन या, अर्धी वापरलेली असली तरी चालेल. पैसे परत हवे असतील तर पैसे, नाहीतर नवी बाटली. आणि या वेळी वापरायची पद्धत मी स्वतः कागदावर लिहून देईन.