हही केली का?

इंजेक्शन देऊन डॉक्टर म्हणाले, "पंधरा मिनिटं बाहेर बसा, जबडा बधिर होऊ दे." रूट कॅनालची पहिली सिटिंग. खालचा अर्धा ओठ आणि जिभेची डावी बाजू हळूहळू परक्याची झाली. तरी मी खूश होते. घरात बाथरूमच्या दारावरसुद्धा टकटक होते, इथे पंधरा मिनिटं माझी एकटीची होती.

पर्समध्ये लेकीचं पुस्तक होतं. "शुक्रवारपर्यंत वाच, मी प्रश्न विचारणारे," अशी तंबीही होती. पुस्तक म्हणजे राजकन्येची रोजनिशी. इतिहासातली खरी राजकन्या घ्यायची, तिला बारा-तेरा वर्षांची करायची आणि हल्लीच्या लेखिकेनं तिच्या नावानं डायरी लिहायची, असा तो प्रकार. हिच्यात इंग्लंडची व्हिक्टोरिया होती. मुखपृष्ठ गुलाबी, त्यावर चमकी, आणि ती चमकी काही मुखपृष्ठावर राहायला तयार नव्हती.

शेजारी एक काका. मांडीवर एक्स-रेचं पाकीट, मान माझ्या पुस्तकात.

"कोणाची डायरी?"

"हिक्टोरियाची."

"कोण?"

"हिक्टोरिया. राणी."

"हां, व्हीटीवाली! मेलेल्या बाईची डायरी वाचू नये. पर्समध्ये घालून फिरवू तर मुळीच नये."

"खरी नाहीये. कल्हित आहे."

"कल्हई?"

"कल्... हित."

रिसेप्शनवरची मुलगी फिस्सकन हसली. तिला माझं बिल करायचं होतं हे ती विसरली नसेल, पण मीही विसरलेली नाही.

"म्हणजे बनावट," काकांनी निकाल दिला. "तेहतीस वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयात काढलीत मी. बनावट दस्त नुसत्या वासावर ओळखतो. द्या इकडे." आणि घेतलं की हो! माझ्या हातातून, मला काही बोलता येण्याआधी. बोलता येतच नव्हतं म्हणा.

तपासणी सुरू झाली. अंगठ्याजवळचं बोट जिभेला लावायचं, पान उलटायचं. "साक्षीदार नाहीत." जीभ. पान. "तारीख आहे, पण हे काय, 'प्रिय डायरी, आज माझं मन फार जड आहे'? असं कोणी लिहितं का? किती वाजता जड झालं?" तिसऱ्या पानापर्यंत काकांच्या जिभेवर गुलाबी चमकी चढली होती.

चीड यायचं कारण असं की ह्या बाबतीत काकांचं बरोबर होतं. व्हिक्टोरियाची खरी डायरी अशी नाहीच. तेरा वर्षांची असताना वेल्सच्या प्रवासाला निघण्याआधी आईनं तिला वही दिली. पहिली नोंद १ ऑगस्ट १८३२ ची, बुधवारची: केन्सिंग्टनच्या राजवाड्यातून निघालो, ७ वाजून ६ मिनिटांनी. सात वाजून सहा! पुढे घोडे कुठे बदलले, गाव कसं होतं. मन जड झाल्याचा पत्ता नाही. कसा असेल? वही आई वाचायची, गव्हर्नेस लेझेनबाई वाचायच्या. पोरीला झोपायचं आईच्याच खोलीत आणि जिना उतरायचा तो कुणाचा तरी हात धरून. एवढ्या पहाऱ्यात माणूस घोड्यांबद्दलच लिहिणार.

मला हे आतून माहीत आहे. मी सहावीत असताना मामानं विमा कंपनीची डायरी दिली होती. चौथ्या दिवशी जेवताना आईनं सहज विचारलं, "आमटीला काय झालं होतं गं परवा?" पाचव्या दिवसापासून माझी डायरी अशी: 'आज शाळेत गेले. आमटी छान होती. आई फार कष्ट करते.' ती डायरी अजून माळ्यावर आहे. कुणी छापली तर महाराष्ट्रातली सर्वांत सुस्वभावी मुलगी मीच ठरेन.

म्हणून ह्या पुस्तकातली, मन मोकळं करणारी राजकन्या मला जरा खोटी वाटते आणि तिचा जरा हेवाही वाटतो. लेकीला मात्र तीच खरी वाटते. लेकीच्या डायरीला कुलूप आहे. किल्ली कुठे आहे ते मला माहीत आहे, पण तो विषय वेगळा.

"हा कॉनरॉय कोण?" काकांनी विचारलं. आवाज बदलला होता.

कॉनरॉय म्हणजे व्हिक्टोरियाच्या आईचा कारभारी. १८३५ मध्ये पोरगी रॅम्सगेटला तापानं अंथरुणाला खिळलेली, तेव्हा हा कागद घेऊन उभा. राणी झाल्यावर मला खाजगी सचिव नेमीन, कर सही. पण हे मी सांगणार कसं? "काहद," म्हटलं. "हही."

"सही! आजारी मुलीची?" काका ताठ बसले. "वय?"

मी दहा आणि सहा बोटं दाखवली.

"सोळा! अज्ञान! अहो, हा दस्त टिकणारच नाही. करून बघू दे सही, मी बघतो." काका आता कॉनरॉयला सोडणार नव्हते.

तेवढ्यात मला आत बोलावलं. हात पुढे केला तर काका म्हणाले, "जा तुम्ही, मी आहे इथे." पुस्तक त्यांच्याकडे आणि मी खुर्चीत. डॉक्टर दिवा खाली ओढून म्हणाले, "गालाला काय चमकतंय?" तोंडात कापसाचे दोन बोळे असताना ह्याचं उत्तर द्यायचं नसतं.

ती राणी झाली १८३७ च्या जूनमध्ये, अठराव्या वर्षी. पहिल्यांदा काय मागितलं तर एक तास एकटीला आणि आईच्या खोलीतून पलंग बाहेर. मी सेहेचाळीस वर्षांची आहे. मला राज्य नको होतं, पंधरा मिनिटं पुरली असती. त्यासाठी दाढ पोखरून घ्यायचीही तयारी होती. तीन हजार रुपये भरले, त्यात हे काका आले.

बाहेर आले तर काका खुर्चीत नाहीत. त्यांना शेजारच्या खोलीत इंजेक्शनला नेलं होतं, पुस्तकासकट. मी बिल भरलं, गोळ्या समजून घेतल्या, बसून राहिले. नॉव्हेल्टी म्हणून भिंतीवरचा दातांचा तक्ता दोनदा वाचला. दहा मिनिटांनी दार उघडलं. काका, अर्धा ओठ लोंबलेला, डोळ्यांत विजय, पुस्तकाचा एक कोपरा दुमडलेला. अख्ख्या वेटिंग रूमला उद्देशून ते ओरडले,

"हही नाय केली! होरीनं हही नाय केली!"

मी अजून त्या पानापर्यंत पोचलेच नव्हते.