फुगडी खुशाल घाला, पण वॉल्ट्झच्या नावावर नको

श्रावण जवळ आला की मंगळागौरीच्या ग्रुपवर फॉरवर्ड सुरू होतात. सध्या फिरतोय त्याचं म्हणणं असं: रोज दहा मिनिटं फुगडी घाला, महिन्याभरात बॉलरूमचे (वॉल्ट्झसारख्या पाश्चात्त्य जोडीनृत्यांचे) टर्न, म्हणजे वळणं, सुधारतील, हात घट्ट धरून जितकं मागे रेलाल तितकी फ्रेम (जोडीदाराला धरताना हातांची आणि धडाची ठेवण) पक्की, चक्कर येणं कायमचं थांबतं, आणि मुळात वॉल्ट्झ म्हणजे इंग्रजांनी इथून नेलेली फुगडीच. मुलुंडच्या मावशीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "आम्ही दोघी उद्या क्लासच्या हॉलमध्ये करून बघू का?" मावशी 63 वर्षांची, गेल्या वर्षी मनगट मोडलेलं, आणि सध्या काकांबरोबर हौसेने वॉल्ट्झ शिकतेय. त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी ते मागे रेलणं, कारण त्यात हाड मोडू शकतं. फुगडीत पायाला पाय जुळवून, हातांची फुली करून दोघी एकमेकींच्या वजनावर तोललेल्या असतात. साधं गणित करा. 60 किलोची बाई, शरीराचा भार मध्यापासून अर्धा मीटर लांब, दोन सेकंदांत एक फेरी: बाहेर फेकणारा ओढा सुमारे 30 किलो वजनाइतका. तीच फेरी एका सेकंदात घेतली तर ओढा दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे 120 किलोच्या घरात. तो हात आणि पाय मिळून पेलतात. घामाने हात निसटला की दोघीही मागच्या मागे पडतात, आणि पडताना माणूस आधी हातच टेकतो. क्लासची फरशी गुळगुळीत, बुटांचे तळ घसरते. कोणती फुगडी घालायची तेही लिहिलेलं नाही. या वयात कुणी बसफुगडी घालायला गेलं तर गुडघ्यांचं काय होईल?

बरं, एवढं करून फ्रेम सुधारते का? उलट बिघडते. वॉल्ट्झमध्ये पुरुषाचा उजवा हात बाईच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाशी असतो, तिचा डावा हात त्याच्या दंडावर, आणि ज्याचं वजन त्याच्याच पायांवर. वळण पावलातून आणि धडातून येतं. हाताने ओढून वळवायला गेलं की पहिली मोडते ती फ्रेमच. मावशीचे सर तिला पहिल्या दिवसापासून सांगतायत की काकांच्या दंडाला लोंबकळू नका. हा फॉरवर्ड तिच्याकडून नेमका लोंबकळण्याचाच सराव करून घेणार.

शिवाय फुगडी एका जागी फिरते. वॉल्ट्झची जोडी फिरत फिरत हॉलभर पुढे सरकते, घड्याळाच्या उलट दिशेने. नॅचरल टर्नमध्ये, म्हणजे उजवीकडच्या वळणात, सहा पावलांत मिळून पाऊण फेरी होते. स्लो वॉल्ट्झचा वेग मिनिटाला 28 ते 30 बार (एक बार तीन ठोक्यांचा), म्हणजे कसब संथपणे तोल सांभाळण्यात आहे. तिथे गरगर फिरण्याचा सराव काय कामाचा?

चक्कर थांबते हे "संशोधनाने सिद्ध" आहे म्हणे. असं एक संशोधन आहे खरं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये 29 बॅले नर्तकी आणि 20 नौकानयनपटू मुलींना अंधारात फिरत्या खुर्चीत बसवलं. नर्तकींना गरगरल्याची जाणीव कमी वेळ टिकली, आणि कानातल्या तोलाच्या संदेशांशी जोडलेला त्यांच्या लहान मेंदूचा भागही लहान आढळला. हे 2013 साली प्रसिद्ध झालं. पण त्या मुली वर्षानुवर्षं बॅले करणाऱ्या होत्या. महिन्याभराच्या फुगडीबद्दल त्यात अवाक्षर नाही. आणि फुगडीत आपण मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे बघतो. तो आपल्याबरोबरच फिरत असल्याने डोळ्यांपुढे स्थिर राहतो. वॉल्ट्झमध्ये दोघंही एकमेकांच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे बघतात आणि अख्खा हॉल फिरताना दिसतो. डोळ्यांना ही सवय फुगडीतून लागणार कशी?

इंग्रजांनी फुगडी नेली, यावर जास्त शब्द खर्च करत नाही. वॉल्ट्झची मुळं दक्षिण जर्मनी-ऑस्ट्रियाच्या लोकनृत्यांत आहेत. 1816 साली लंडनच्या दरबारी नृत्यसमारंभात तो नाचला गेला तेव्हा तिथल्या 'टाइम्स'ने त्याला असभ्य परदेशी नाच म्हणून झोडपलं होतं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. व्हिएनीज वॉल्ट्झमध्ये, म्हणजे वेगवान वॉल्ट्झमध्ये, फ्लेकर्ल नावाचा प्रकार असतो. त्यात जोडी जागच्या जागी वेगाने फिरते, आणि जोडीदाराच्या वजनाला आपलं वजन जुळवावं लागतं. लहानपणापासून फुगडी घातलेल्या बाईला हे तोलाचं भान लवकर येत असावं, वेगाची भीतीही कमी वाटत असेल. पण फ्लेकर्ल पुढच्या टप्प्यावरची गोष्ट आहे, आणि तिथेही हातांवर कुणी रेलत नाही.

मावशी, मंगळागौरीला साधी फुगडी घाल, जपून, चार फेऱ्या. वॉल्ट्झसाठी मात्र नॅचरल टर्नची सहा पावलं एकटीने कर, भिंतीजवळ, कुणाचाही हात न धरता. आणि तो फॉरवर्ड पुढे पाठवला असशील तर त्याच ग्रुपवर हेही टाक.